मालीशवाल्याला आधी काय सांगायचं?

कुणीतरी विचारलंय, 'नुसतं तेल चोळून घ्यायला आजारपणाची यादी कशाला वाचायची?' आम्ही सांगलीकर तालमीतली मालीश बघत वाढलेलो, मलाही तसंच वाटायचं.

गेल्या वर्षी वडिलांना एका ठिकाणी घेऊन गेलो. त्यांची शुगर जुनी, तळपाय बधिर. आम्ही बोललो नाही, मालीशवाल्यानंही विचारलं नाही. तेल कढत होतं, पण त्यांना चटका कळलाच नाही. रात्री फोड आले, जखम भरायला दीड महिना लागला. चूक आमचीही होतीच म्हणा.

रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तेही सांगा, जोरात दाबलं की काळेनिळे डाग पडतात. गरोदरपण, नुकतं झालेलं ऑपरेशन, हाडं ठिसूळ असणं हेही लपवू नका. आणि एकच पोटरी सुजून गरम लागत असेल तर मालीश नकोच, तडक डॉक्टर गाठा. (मिरजेची मोठी इस्पितळं जवळ असून आपण चोळतच बसतो!) आत रक्ताची गुठळी असली तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

आता वडील बसायच्या आधीच सांगतात, "बाळा, तेल आधी तुझ्या हातावर घेऊन बघ."