यंदाचा मूनकेक: अनंत चतुर्दशीला की कोजागिरीला?

वाचनकट्टा_घोडबंदर

संकुलातल्या मुलांच्या वाचनालयात एका संध्याकाळी चिनी मध्य-शरद सण ठेवायचा आहे, म्हणजे चंद्राचा सण, ज्यात मूनकेक (सारण भरलेले गोल केक) खातात. साधारण ४० जण, बहुतेक शाकाहारी, निम्म्या घरांत अंडं चालत नाही. दोन ओटीजी (विजेच्या छोट्या भट्ट्या) मिळतील. गेल्या वर्षी हा सण आणि कोजागिरी एकाच दिवशी होती, ६ ऑक्टोबर २०२५. यंदा चिनी तारीख २५ सप्टेंबर आणि कोजागिरी २५ ऑक्टोबर. असं कसं? कोजागिरीलाच केलं तर चुकीचं ठरेल का? शिवाय मूनकेकमध्ये चिठ्ठ्या लपवून मंगोलांविरुद्ध बंड झालं ही गोष्ट मुलांना सांगावी का? आणि मूनकेक घरी जमतात का? मापं नेमकी द्या, अंदाजपंचे नकोत.

तिथीमिती

चिनी पंचांग आणि आपलं पंचांग, दोन्ही चांद्र-सौर. महिना अमावास्येने बांधलेला, अधिक मास दोघांकडे. फरक सूर्य कुठून मोजायचा यात आहे. चिनी गणित सायन, म्हणजे ऋतूंवरून: ज्या महिन्यात शरद संपात, म्हणजे दिवस-रात्र समान असल्याचा दिवस, येतो (२३ सप्टेंबरच्या आसपास) तो आठवा महिना, आणि त्याचा पंधरावा दिवस म्हणजे हा सण. आपलं गणित निरयन, म्हणजे ताऱ्यांवरून: ज्या महिन्यात कन्या संक्रांत (१७ सप्टेंबरच्या आसपास) तो भाद्रपद, तूळ संक्रांत (१७ ऑक्टोबरच्या आसपास) तो आश्विन. म्हणजे बहुतेक वर्षी त्यांचा आठवा महिना हा आपला भाद्रपदच असतो. अमावास्या नेमकी १७ ते २३ सप्टेंबरच्या फटीत पडली तरच तो आश्विनाशी जुळतो. गेल्या वर्षी सर्वपित्री २१ सप्टेंबरला होती, म्हणून जुळलं. त्यांचा अधिक महिना २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये होऊन गेला होता, आपला अधिक ज्येष्ठ २०२६ च्या मे-जूनमध्ये आला. मधल्या काळात दोन्ही पंचांगं एका महिन्याने सरकलेली होती. आता पुन्हा जागेवर आली.

यंदा २५ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आहे. विसर्जनाच्या दिवशी ठाण्यात ४० माणसं एका खोलीत जमवणं विसरा. त्यात पाऊस गेलेला नसतो. चंद्रही त्या रात्री पुरता भरलेला नसेल, कारण चिनी लोक अमावास्येचा दिवस पहिला धरून सरळ पंधरा मोजतात आणि खगोलीय पौर्णिमा २६ ला रात्री आहे.

कोजागिरीला खुशाल करा, पण फलकावर ‘चिनी कोजागिरी’ लिहू नका. २५ ऑक्टोबर ही त्यांच्या नवव्या महिन्याची सोळावी तारीख, त्या दिवशी तिकडे काही नसतं. ऑक्टोबरातच अस्सल तारीख हवी असेल तर १८ तारखेचा रविवार आहे: छोंगयांग, नवव्या महिन्याची नवमी. त्या दिवशी उंचावर चढायचं, शेवंती बघायची, घरातल्या ज्येष्ठांना भेटायचं. नवरात्रात सकाळी येऊरला जाणारे पुष्कळ असतात, तेव्हा तेही जमून जाईल. मूनकेक मात्र त्या सणाचा नव्हे.

जुनीपाने

चिठ्ठ्यांची गोष्ट सांगा, पण दंतकथा म्हणून. मंगोलांची युआन राजवट १३६८ मध्ये संपली हे खरं. केकमधल्या निरोपांना त्या काळातला पुरावा नाही.

सण त्याहून जुना आहे. शरदातल्या चंद्राची पूजा प्राचीन, चंद्र बघत मेजवानी करायची रीत थांग काळातली (सातवं ते दहावं शतक), आणि ठरलेल्या तारखेचा लोकांचा सण झाला सोंग काळात (दहावं ते तेरावं शतक). तेव्हाची राजधानी कैफंग. तिथल्या वर्णनात या रात्री श्रीमंतांनी आपले मनोरे सजवल्याचं आणि बाकीच्यांनी चंद्र दिसेल अशा खानावळीत जागा धरायला धावपळ केल्याचं येतं. ‘घरच्यांचं एकत्र येणं’ म्हणून गोल केक एकमेकांना द्यायची चाल स्पष्टपणे नोंदलेली दिसते ती मिंग काळात (चौदावं ते सतरावं शतक). बीजिंगमधली चंद्रवेदीही मिंगांचीच, १५३० ची. चीनमध्ये या सणाची सार्वजनिक सुट्टी मात्र २००८ पासूनची.

छांग-अ या चंद्रदेवीची गोष्ट सांगताना एक ठरवून घ्या. इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या हुआइनान्झी ग्रंथात ती नवऱ्याचं, यी या धनुर्धराचं, अमृत चोरून चंद्रावर पळते. दुष्ट शिष्याच्या हाती पडू नये म्हणून नाइलाजाने पिते, हे रूप नंतरचं. मुलांना दोन्ही सांगितलीत तर चर्चा चांगली रंगेल.

आणि कुणीतरी हमखास म्हणेल की चंद्रावरचा ससा आपल्या शशजातकातून (सशाच्या बौद्ध जातककथेतून) तिकडे गेला. इतकं सरळ नाही. छांगशाजवळच्या मावांगदुई इथल्या थडग्यातल्या रेशमी पटावर चंद्रात बेडूक आणि ससा दोन्ही आहेत, आणि तो पट इ.स.पू. दुसऱ्या शतकातला, म्हणजे बौद्ध धर्म चीनमध्ये पोचण्याआधीचा.

भट्टीवाली

घरी जमतात, पण उद्या हवे म्हणून आज बसता येत नाही. कँटोनी पद्धतीच्या केकचा पाक किमान दोन आठवडे मुरावा लागतो. २५ ऑक्टोबरला कार्यक्रम असेल तर पाक ८ ऑक्टोबरच्या आत करा, केक २२ ला भाजा.

पाक: साखर ५०० ग्रॅम, पाणी २५० मिली, लिंबाचा रस ५० मिली. साखर विरघळेपर्यंतच ढवळा, मग चमचा बाजूला. मंद आचेवर ४० ते ५० मिनिटं, रंग मधासारखा झाला की एकतारीच्या किंचित अलीकडे उतरवा, गार झाल्यावर दाटतोच. लिंबामुळे साखर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटते, म्हणून पाक पुन्हा दाणेदार होत नाही आणि पारी मऊ राहते. खडे झालेच तर एक तर ढवळलंत, नाही तर आंबट कमी पडलं.

क्षार: मूळ कृतीत क्षाराचं पाणी लागतं. पापडखाराचा जोर दर पुडीत वेगळा असतो, त्यापेक्षा खायचा सोडा ताटलीत पसरून १५० अंशांवर तासभर भाजा. वजन तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घटलं की झाला. एक भाग भाजका सोडा, चार भाग पाणी. हाताला झोंबतो, चमचाच वापरा. याने पाकातला आंबटपणा मरतो आणि रंग चढतो. कमी पडला तर केक फिकट नि आंबूस, जास्त झाला तर काळपट आणि साबणासारखी चव.

५० ग्रॅमच्या २० केकची पारी: मैदा २०० ग्रॅम, पाक १४०, शेंगदाणा तेल ५०, क्षारपाणी ४ ग्रॅम. पाक, तेल आणि क्षार आधी एकजीव फेटा, मग मैदा. मळायचं नाही, नुसतं गोळा करा, लवचिकपणा आला तर पारी आक्रसते. झाकून दोन तास.

सारण: लाल चवळी २५० ग्रॅम रात्रभर भिजवून, शिजवून, गाळणीतून काढा. साखर १६० ग्रॅम आणि तेल ८० मिली तीन वेळा विभागून घालत जाड कढईत आटवा. उलथनं उभं राहायला हवं. पोळीचं पुरण जसंच्या तसं भरलंत तर केक फुटणार, ते ओलं असतं आणि त्यात तेल नसतं. बदकाच्या अंड्याच्या खारवलेल्या बलकाऐवजी मधोमध मूगडाळीच्या आटवलेल्या गोड सारणाची ८ ग्रॅमची गोळी ठेवा. कापल्यावर पिवळा चंद्र दिसतोच.

पारी जेमतेम २० ग्रॅम, सारण गोळीसकट ३० ग्रॅम. सराईत लोक १५ ला ३५ घेतात, पहिल्यांदा नको. साच्याला मैदा लावून झटका, दाबा, ट्रेवर काढा, वर पाण्याचा बारीक फवारा. २०० अंशांवर ५ मिनिटं, बाहेर काढून १० मिनिटं गार, मग वरच्या नक्षीवर अगदी पातळ हात, पुन्हा १७५ वर १२ ते १४ मिनिटं. या हातासाठी अंड्याऐवजी २ चमचे दुधात अर्धा चमचा पाक. चकाकी कमी येते, चालतं. ब्रश भरून लावलंत की नक्षी बुजली. कंबर फुगली तर सारण ओलं किंवा भट्टी थंड. तळाशी पसरला तर पाक पातळ. वर भेगा तर जास्त भाजला. ओटीजीच्या चकतीवर विश्वास ठेवू नका, आत छोटा तापमापक ठेवा.

भट्टीतून काढल्यावर पारी कडक लागेल. घाबरू नका. हवाबंद डब्यात दोन-तीन दिवसांत सारणातलं तेल पारीत उतरतं, मग ती मऊ आणि चकचकीत होते. म्हणूनच आदल्या दिवशी भाजू नका.

वाचनकट्टा_घोडबंदर

फारच उपयोगी, ताई. कमळाच्या बियांचं सारण अस्सल म्हणतात, मग चवळीऐवजी मखाणे चालतील का? आणि ४० जणांना २० केक पुरतील?

भट्टीवाली

मखाणा म्हणजे कमळाचं बी नाही, ती वेगळी काटेरी पाणवनस्पती. लाह्या असल्यामुळे त्याचं सारण चिकटत नाही, भुसभुशीत होतं. कमळाचं बी म्हणजे कमलगट्टा. पूजेच्या दुकानातला नको, खाण्याचा सोललेला घ्या आणि मधला हिरवा कोंब काढा, तो कडू असतो. पहिल्या खेपेला चवळीच बरी.

२० पुरे. मूनकेक माणशी एक खायचा पदार्थच नाही. चार फोडी करायच्या आणि बिनसाखरेच्या चहाबरोबर खायच्या. माणशी दोन फोडी झाल्या. मसाला दुधाबरोबर मात्र देऊ नका, गोडावर गोड होतं.

शाडूवाला

मांडणीचं राहिलं. टेबल चंद्राच्या दिशेला, म्हणजे संध्याकाळी पूर्वेकडे. गच्चीवरून पूर्वेला इमारत आड येत असेल तर तासभर उशिरा सुरू करा. मधे केक, बाजूला गोल फळं. दक्षिण चीनमध्ये पपनस आणि सालासकट उकडलेली अळकुडी असतेच, दोन्ही ठाण्याच्या मंडईत त्या दिवसांत मिळतात. कलिंगड कमळाच्या पाकळ्यांसारखं कापतात. उत्तरेत पूजा बायका आणि मुलं करत, पुरुष नाही. गणपतीवाल्या संकुलात ही माहिती जरूर लावा, वाद मजेशीर होईल.

मुलांसाठी बीजिंगचा थूअर-ये करा: अंगात चिलखत, डोक्यावर शिरस्त्राण, पाठीवर झेंडा, कधी वाघावर बसलेला मातीचा ससा. गणपतीची उरलेली शाडू चालेल. उंची १० सेंटिमीटरपर्यंत, धड आतून पोकळ, भिंत एक सेंटिमीटर. भरीव ठेवलात तर वाळताना तडकतो. कान मातीचे चिकटवू नका, पहिले तेच गळतात. वेगळे करून काडीवर वाळवा आणि शेवटी भोकात खोवा. सावलीत चार-पाच दिवस, मग पांढरा हात आणि वर पोस्टर कलर. तेव्हा हे काम १८ ऑक्टोबरलाच उरकून घ्या.