मदत हवी आहे: आयत्या भरलेल्या व्हीएचएस कॅसेटची कॉपी कोणी काढली, हे कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी,

ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या अमेरिकी चित्रपटांच्या मूळ कॅसेट जमवतो. सध्या त्यांची यादी करतोय आणि एका रकान्यापाशी गाडी अडलीय: कॉपी कोणी काढली? खोक्यावर नाव असतं वितरकाचं. फीत प्रत्यक्ष भरणारा कारखाना बहुतेकदा तिसराच, आणि त्याचा पत्ताच नाही.

सुरुवातीचा काळ त्या मानाने सोपा. मिशिगनच्या मॅग्नेटिक व्हिडिओने १९७७ मध्ये फॉक्सचे ५० चित्रपट घेतले, स्वतःच कॅसेटवर भरले, स्वतःच विकले. पुढे टेक्निकलर, रँक असे मोठे कारखाने एकाच वेळी अनेक स्टुडिओंची कामं घेऊ लागले, तिथून घोळ आहे.

माझ्याकडे एकाच चित्रपटाच्या दोन कॅसेट आहेत. खोकं तेच, क्रमांक तोच. पण एकीला कागदी लेबल आणि कडेला ठिपक्याठिपक्यांचे आकडे. दुसरीवर नाव थेट प्लॅस्टिकवर छापलेलं, आणि आकडे झडपेच्या आत, झडप उचलली तरच दिसणारे. या आकड्यांवरून कारखाना ठरवता येतो का? की कॅसेटच्या साच्यावर जास्त भरवसा ठेवावा? कोणी असं जुळवून पाहिलं असेल तर कृपया सांगा. कॅसेट उघडायची तयारी आहे, पाचच तर स्क्रू असतात.

प्रतिसाद १
साच्यावर अजिबात जाऊ नका. रिकाम्या कॅसेट, म्हणजे आत नुसता पारदर्शक लीडर (फितीच्या टोकाला जोडतात ती कोरी पट्टी) असलेल्या (धंद्यात त्यांना व्ही-झीरो म्हणत), कारखाने बाहेरून विकत घ्यायचे. फीतही मोठ्या चकत्यांवर बाहेरूनच यायची. एकच पुरवठादार चार कारखान्यांना माल देणार, मग साचा काय सांगणार? ठिपक्यांचे आकडे मात्र टिपून ठेवा. एकटा आकडा मुका असतो. एकाच धाटणीचे बरेच जमले की कोणते वितरक एका गटात पडतात ते दिसू लागतं.

प्रतिसाद २
कॉपी कुठल्या पद्धतीने काढली, हेही बघा. साध्या पद्धतीत एका मास्टरवरून शेकडो व्हीसीआर एकदम चालायचे; दोन तासांच्या चित्रपटाला दोन तास. सोनीच्या स्प्रिंटरमध्ये उलट्या प्रतिमेची 'मदर' फीत कोऱ्या फितीला चिकटून वेगाने पळायची. तिसरी टीएमडी (थर्मल मॅग्नेटिक डुप्लिकेशन): तिच्यात कोरी फीत लेझरने तापवून तिच्यावर ठसा घेत. त्यासाठी क्रोमियम डायऑक्साइडचीच फीत लागते, कारण लोहाच्या फितीला लागणाऱ्या तापमानात खालचं प्लॅस्टिकच वितळेल. म्हणजे फीत लोहाची निघाली तर टीएमडी बाद. उलटं मात्र खरं नाही, क्रोम फीत इतर पद्धतींतही चालते. आणि नुसत्या रंगावरून ठरवू नका, फसगत होते.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. म्हणजे साच्याचा रकाना ठेवतो, पण पुरावा म्हणून धरत नाही. ज्यांच्याकडे झडपेच्या आत आकडे असलेल्या कॅसेट आहेत, त्यांनी वितरकाचं नाव, वर्ष आणि आकडे जसेच्या तसे इथे टाकाल का? मधल्या रिकाम्या जागा आणि रेघांसकट हवेत.