मदत हवी आहे: बड्याच्या मटणाचा पॉट रोस्ट, कमी खटपटीत पण मऊ

चिपळूणकरीण
रविवारी दुपारी सहा माणसं जेवायला आहेत. बड्याच्या मटणाचा दीड किलोचा तुकडा अख्खा शिजवून, काप करून वाढायचा आहे. ओव्हन नाही. पाच लिटरचा स्टीलचा कुकर आहे आणि जाड बुडाचा टोप आहे. नेटवरच्या कृती सगळ्या परदेशी गाईबैलाच्या. आपल्याकडे २०१५ पासून बैलाचंही बंद, म्हणजे मिळणार म्हशीचंच. त्या कृतींतल्या वेळेने केलं तर वरून शिजलेलं दिसतं आणि सुरी लावली की चामडं. वाटणघाटण, तासभर परतत बसणं नको आहे. कुठला भाग आणू? कुकर की टोप? आणि कच्ची पपई लावू का?

वाशिष्ठीकाठ
पपई नको. ती तुकड्याच्या आत जात नाही. वरचा थर लगदा होतो आणि मधलं जिथल्या तिथे राहतं. चॉप्सना ठीक, अख्ख्या तुकड्याला नाही.

भाग मात्र नीट मागा. खाटकाला "दस्त द्या" म्हणा, म्हणजे खांदा. नाहीतर सीना, म्हणजे छाती, किंवा मान. त्यात पांढऱ्या शिरा आणि पडदे दिसले पाहिजेत, त्याच विरघळून मांस मऊ करतात. दिसायला देखणं म्हणून रानेचा, म्हणजे मांडीचा, लालभडक तुकडा आणाल तर फसाल: त्यात विरघळायला काही नाही, कितीही शिजवा, कोरडे धागेच हातात येतात. म्हशीच्या मटणात मुळात चरबी कमी, आणि जनावर बहुधा वयस्क, म्हणून परदेशी कृतीतली वेळ आपल्याला पुरत नाही.

दुसरं म्हणजे सकाळी कापलेलं दुपारी चुलीवर चढवू नका. कापल्यावर काही तासांत मांस ताठरतं आणि तो ताठा सुटायला दिवस तरी लागतो. शुक्रवारी आणा, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात झाकून ठेवा. आपल्या दमट हवेत ओट्यावर मुरवत ठेवायचं नाही.

आणल्या आणल्या एवढंच करा: दीड किलोचे तीन तुकडे करून घ्या, अर्ध्या-अर्ध्या किलोचे. वाढताना कळतही नाही आणि शिजायला मात्र खूप फरक पडतो. बारीक मीठ साडेतीन सपाट चहाचे चमचे, जाडसर कुटलेली मिरी दोन चमचे, आलं-लसणाची पेस्ट दोन मोठे चमचे, हळद अर्धा चमचा, माडाचं व्हिनेगर दोन मोठे चमचे. चोळा आणि स्टीलच्या किंवा काचेच्या डब्यात ठेवा, अ‍ॅल्युमिनियम नको. व्हिनेगरऐवजी आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, घालणार असाल तर मीठ चमचाभर कमी करा, आगळ आधीच खारट असतं.

चिपळूणकरीण
बरं. मग शिजवायचं कसं? पाच शिट्ट्या पुरतील?

वाशिष्ठीकाठ
शिट्ट्या मोजूच नका. कुणाचा गॅस मोठा, कुणाची शिट्टी सैल, त्याला काही अर्थ नाही. घड्याळ लावा.

कुकरमध्ये दोन मोठे चमचे तेल, चार कांदे जाड चिरून तळाशी पसरा, पाच लवंगा, दोन इंच दालचिनी, वर मांसाचे तुकडे. दीड कप गरम पाणी. कुकर दोनतृतीयांशाच्या वर भरायचा नाही. मोठ्या आचेवर पहिली शिट्टी, मग आच अगदी बारीक आणि तिथून साठ मिनिटं. गॅस बंद करून वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी उचलून वाफ सोडली तर आतलं पाणी भसकन उकळतं, तुकड्यातला रस बाहेर पडतो आणि मांस पुन्हा कोरडं.

परतायचं नसेल तर नका परतू. रंग-चव थोडी कमी पडेल, मऊपणा नाही. मांस परतलं की रस आत बंद होतो हे खरं नाही.

उघडल्यावर काटा खुपसून फिरवा. धागे सहज सुटले की झालं. काटा अडकून अख्खा तुकडाच फिरला तर ते जास्त शिजलेलं नाही, कमी शिजलेलं आहे. इथेच सगळे घाबरून गॅस बंद करतात. मधल्या टप्प्यात धागे आकसलेले असतात, पडदे विरघळायचे बाकी असतात, म्हणून चामडं लागतं. पाऊण कप पाणी आहे का बघा, नसेल तर तेवढं होईल इतकं गरम पाणी घाला, झाकण लावा, आणखी वीस मिनिटं.

जाड_बूड
भाग आणि मिठाबद्दल वर लिहिलंय ते पटलं, पण अख्ख्या तुकड्यासाठी कुकर मला नाही पटत. कडा फुटतात, काप नीट पडत नाहीत. वेळ असेल तर टोपच घ्या. तेच सगळं, पाणी फक्त एक कप, झाकणाच्या कडेला कणकेची वळी लावून बंद करा. गॅस सर्वांत बारीक, खाली लोखंडी तवा. साडेतीन तास धरा, अडीच तासांनी एकदा उघडून तुकडे उलटा आणि वळी नवी लावा. रटरटून उकळता कामा नये, मधूनच एखादा बुडबुडा. चूल असेल तर करवंट्यांचे निखारे झाकणावर ठेवले की वरून रंगही येतो. पण ते रविवारी सकाळी कोण करणार!

बटाटे आधी टाकू नका. दोन्ही पद्धतींत मांस मऊ झाल्यावर, अख्खे सोलून रश्शात, वीस मिनिटं उघड्या टोपात. व्हिनेगरही याहून जास्त नको, आंबट रश्शात बटाटा टणक राहतो.

चिपळूणकरीण
शनिवारी रात्री करून ठेवलं तर चालेल का? रविवारी सकाळी लाईट गेली तर मिक्सर-बिक्सर काहीच नाही.

वाशिष्ठीकाठ
उलट बरंच. कुकर चालेल, त्याला लाईट नको. गरम मांस कापलं की चुरा होतो, गार झालेलं सुरीखाली छान बसतं. पसरट भांड्यात काढून दोन तासांच्या आत रश्शासकट फ्रिजमध्ये ठेवा. रश्श्याबाहेर ठेवलंत तर वरून सुकेल. सकाळी वर पांढरी चरबी गोठलेली दिसेल, चमच्याने उचला, दोन चमचे ठेवा. मांसाचे धागे कुठल्या दिशेने धावतायत ते बघून त्यांना आडवे, अर्ध्या इंचाचे काप पाडा. धाग्याच्या दिशेने कापलंत तर वर केलेली सगळी मेहनत फुकट, मऊ मांसही चिवट लागतं.

रस्सा वेगळा उकळून चमच्याच्या पाठीला चिकटेपर्यंत आटवा. कांदे त्यातच विरलेले असतात, वाटायला लागत नाहीत. मीठ शेवटी चाखा, आटल्यावर वाढतं. मग काप रश्शात सोडून मंद आचेवर दहा मिनिटं, आणि गरमच वाढा, ही चरबी ताटात लगेच गोठते.

जाड_बूड
उरलेलं घावण्याबरोबर खा. तीन दिवसांच्या आत मात्र.