सल्ला हवा: उन्हाळ्यात मित्रांसोबत एका दिवसाची बाईक सफर, रस्ता कसा निवडावा?

अर्धाक्लच (धागाकर्ता)
लोकहो, आम्ही सहा जण, चार गाड्या. दीडशे सीसीपासून चारशेपर्यंत सगळी भेसळ. दोन गाड्यांवर मागे माणूस असणार आणि एकाचा परवाना अजून नवाकोरा आहे. पहाटे निघायचं, अंधाराआधी घरी, मुक्काम नाही. ऊन रणरणतं आहे हे मान्य, पण सगळ्यांची सुट्टी आत्ताच जुळली. आमच्या ग्रुपवर ‘समुद्र की डोंगर’ एवढ्यावरच घोडं अडलंय. ठिकाणांची नावं नकोत, ती नकाशात सापडतील. रस्ता निवडताना काय बघायचं आणि त्या दिवशी काय सांभाळायचं ते सांगा. रस्ता देखणा हवा. शेवटी पोचू तिथे काही खास नसलं तरी चालेल.

वळणवेडा
डोंगर. विषय संपला. :)

बरं, कारण देतो. उंची हजार मीटरने वाढली की हवा सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. खाली चाळीस असेल तर वर तेहतीस-चौतीस. दिवसातलं सगळ्यात वाईट ऊन बाराचं नसतं, अडीच ते चारचं असतं. तेव्हा चढ अकराच्या आत संपवा, दुपार वरच झाडीत काढा आणि उन्हं कलली की उतरा.

दुसरं म्हणजे दिशा, जिचा विचार कोणीच करत नाही. सकाळी पूर्वेकडे निघालात तर सूर्य डोळ्यांत, संध्याकाळी परतताना पश्चिमेकडे तोंड, म्हणजे पुन्हा डोळ्यांत. हेल्मेटच्या चरे पडलेल्या वायझरमधून समोरचं ऊन आलं की खड्डा काय, ट्रकसुद्धा दिसत नाही. जमलं तर पश्चिमेकडचा रस्ता घ्या, दोन्ही वेळा सूर्य पाठीशी राहतो. समोरच्या डोंगरावर थेट उजेड पडतो, त्यामुळे रंगही खुलतात. मात्र तेव्हा ऊन समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत असतं. त्याला आपण दिसतच नाही असं धरून चालवायचं, दिवा चालू ठेवून.

टाकीफुल
दिशेला +१. अंतराचं मी सांगतो. एकट्याचे तीनशे किलोमीटर वेगळे आणि सहा जणांचे वेगळे. एक हेल्मेट काढतो, दुसरा हातमोजे शोधतो, तोवर तिसरा फोटो काढायला गायब. दहा मिनिटांचा थांबा पंचवीस मिनिटं खातो. घाटात सरासरी चाळीसच्या वर धरू नका. येऊन-जाऊन दोनशे ते सव्वादोनशे पुष्कळ झाले.

पेट्रोल सगळ्यांनी एकाच पंपावर भरायचं, आणि हिशोब सगळ्यात लहान टाकीचा. माझं नाव काहीही असो, टाकी गळ्यापर्यंत भरून उन्हात लावू नका. पेट्रोल दर अंशामागे साधारण ०.१ टक्का फुगतं. वीस अंशांनी तापलं तर बारा लिटरमागे पाव लिटरच्या आसपास जास्तीची जागा लागते.

उघडाहात
एवढ्या उन्हात जॅकेट घालून कोण उकडून घेणार? पूर्ण बाह्यांचा टीशर्ट, पाण्याची बाटली, बास. उगाच बाऊ करताय.

सावली
उघडाहात भाऊ, पडल्यावर तापलेल्या डांबराने कातडी सोलते ते एक. पण नुसत्या उकाड्याचा विचार केला तरी तुमचं गणित चुकतंय. आपल्या त्वचेचं तापमान पस्तीसच्या आसपास असतं. हवा त्याहून गार असेल तोवर वारा अंगातली उष्णता काढून नेतो, तिथे जाळीचं जॅकेट उत्तम. हवा चाळीसला गेली की तोच वारा उलट अंग तापवतो. घाम येतो, पण क्षणात उडून जातो. अंग कोरडं वाटतं, म्हणून ‘मला घामच येत नाही’ असं म्हणत माणूस पाणी प्यायचा थांबतो. अशा वेळी आतला टीशर्ट भिजवून घाला, वरून जॅकेट, त्याच्या हवेच्या झडपा थोड्याच उघड्या. ओला कपडा हळूहळू वाळतो आणि तेवढा वेळ गारवा टिकतो. मानेभोवती ओला रुमाल हवाच.

पाणी तहान लागेपर्यंत थांबून पिऊ नका. प्रत्येक थांब्यावर थोडं थोडं प्या, सोबत ओआरएसची पाकिटं ठेवा. डोकं ठणकणं, मळमळ, पायात गोळे ही थांबायची खूण. कोणी असंबद्ध बोलायला लागलं तर ती थकव्याची गंमत समजू नका. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि ताबडतोब रुग्णवाहिका बोलवा.

मागची_सीट
मागे बसणाऱ्यांना कोणी विचारत नाही म्हणून लिहिते. चालवणाऱ्याचं लक्ष रस्त्यात असतं, त्याला तासन्‌तास कळत नाहीत. आम्हाला प्रत्येक किलोमीटर कळतो. पाऊण तासाने थांबा, हट्टाने. आणि आमच्या वजनाची सोय आदल्या रात्रीच करा. मागच्या टायरची हवा दोघांसाठी पुस्तिकेत लिहिलेल्या आकड्याइतकी, मागचं सस्पेन्शनही त्याप्रमाणे. हवा थंड टायरवर मोजायची. रस्त्यात गरम टायरचा आकडा वाढलेला दिसला म्हणून हवा सोडू नका, तो वाढणारच.

शेवटचागडी
नवीन गड्याला पुढारी गाडीच्या लगेच मागे ठेवा. शेवटी ठेवलंत तर गाठता गाठता तो आपल्या कुवतीबाहेर पळवणार. सगळ्यात मागे अनुभवी माणूस, ज्याच्याकडे पंक्चरचं सामान. सरळ रस्त्यावर एकाआड एक, डावी-उजवी रांग. बाजूच्या रांगेतल्या पुढच्या गाडीपासून एक सेकंदाचं अंतर, आपल्याच रांगेतल्या पुढच्या गाडीपासून दोन. वळणं सुरू झाली की ही रांग मोडून एकामागे एक. घाटात मांडणी सांभाळायला जाऊन वळण चुकवणारे ग्रुप पाहिलेत.

फाटा आला की पुढाऱ्याच्या मागचा माणूस सुरक्षित जागा बघून बाजूला थांबतो, शेवटच्याला रस्ता दाखवतो आणि मगच निघतो. असं ठरलं की आरशात डोकावत कोणी कोणाची वाट बघत नाही. शिवाय ज्याला आपल्या वेगाने जायचंय त्याला मोकळीक मिळते. माझ्या मते ग्रुपची निम्मी भांडणं इथेच मिटतात.

अर्धाक्लच
मंडळी, भारी! डोंगर पक्का. पश्चिमेकडे एक घाट आहे, वर मोठी झाडी. तीन शंका: परतीला तोच रस्ता की दुसरा? दुपारी वर ढग जमतात म्हणे, तेव्हा काय? आणि गाड्या उन्हात लावायच्या तर?

वळणवेडा
तोच रस्ता. उलट दिशेने तो निराळाच दिसतो आणि खड्डे कुठे आहेत ते सकाळीच कळलेलं असतं. नव्या माणसासाठी तर तोच.

टाकीफुल
असहमत. गोल फेरी मारा, फक्त मधून परत फिरायला एखादा फाटा असू द्या.

शेवटचागडी
नवखा सोबत आहे, मी वळणवेड्याच्या बाजूने.

ढगांचं म्हणाल तर गडगडाट ऐकू आला की उघड्या माथ्यावर आणि एकट्या झाडाखाली थांबायचं नाही, पक्कं बांधकाम गाठायचं. पाऊस सुरू झाल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं सगळ्यात घसरडी, रस्त्यावरची धूळ आणि तेल वर येतं. तेवढा वेळ बसून काढा. भेगांवर ओतलेल्या डांबराच्या काळ्या रेघा उन्हात मऊ होतात, त्यांच्यावर गाडी वाकवू नका.

सावली
गाडी बाराच्या सुमारास झाडाच्या पूर्वेला लावा, दुपार कलते तशी सावली तिकडेच सरकते. साइड स्टँडखाली चपटा दगड ठेवा, नाहीतर मऊ डांबरात स्टँड रुततो आणि गाडी आडवी. सीटवर काहीतरी टाकून ठेवा.

उघडाहात
ते भिजवलेल्या टीशर्टचं, किती वेळ टिकतं?

सावली
कोरड्या हवेत लवकर वाळतो. दर थांब्यावर पुन्हा भिजवा, म्हणून पाणी पिण्यापुरतंच नेऊ नका. दमट हवेत फारसा उपयोग नाही.