मदत हवी आहे: जुन्या १.८ टर्बोला बूस्टवर मिसफायर, कॉइल अपग्रेड करू का?

चौथा_गिअर

नमस्कार मंडळी,

इंजिन फोक्सवॅगन-ऑडीचं १.८ टी, २० व्हॉल्व, कोड एयूएम. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज देणारी). टर्बो आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) दोन्ही स्टॉक, म्हणजे कंपनीतून आले तसेच. आयडलला काहीच तक्रार नाही. चौथ्या गिअरमध्ये २५०० आरपीएमवरून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की ३००० ते ४००० च्या मध्ये झटके बसतात आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो. पाय उचलला की गाडी पुन्हा सरळ. दमट हवेत त्रास वाढतो. स्कॅनरवर पी०३०० (मिसफायर, म्हणजे ठिणगी चुकून मिश्रण न पेटणं) आणि पी०३०२ (२ नंबरच्या सिलिंडरचा मिसफायर) हे दोन कोड आहेत. प्लग कधी बदलले याची नोंद नाही.

मेकॅनिक चारही कॉइल बदला म्हणतोय. बदलायच्याच असतील तर नंतरच्या २.० टीएफएसआय इंजिनाच्या किंवा ऑडी आर८ च्या लाल डोक्याच्या कॉइल टाकाव्यात असं वाचलं. प्रश्न असे: त्या थेट बसतात का? ईसीयूमध्ये काही बदलावं लागतं का? प्लगचा गॅप (दोन टोकांमधलं अंतर) किती ठेवू? आणि मुळात दोष कॉइलचाच आहे हे पक्कं कसं करायचं?

ठिणगी

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण बाकीच्यांची उत्तरं त्यावरच ठरतात.

प्लगच्या दोन टोकांमधल्या हवेचा दाब जितका जास्त, तितकं जास्त व्होल्टेज ठिणगी पडायला लागतं. गॅप वाढला तरी तेच. आयडलला थ्रॉटल जवळपास बंद असतो, सिलिंडर अर्धाही भरत नाही, त्यामुळे मरायला टेकलेली कॉइलसुद्धा निभावून नेते. पूर्ण बूस्टवर (टर्बो हवा दाबून भरतो तेव्हा) टॉर्क सर्वात जास्त असतो तिथे सिलिंडर सर्वात जास्त भरलेला असतो, आणि तुमचे झटके नेमके तिथेच आहेत. व्होल्टेज कमी पडतं किंवा वाटेतच कुठेतरी गळतं. दमट हवेत वाढणं हे गळतीचं लक्षण.

म्हणजे संशय इग्निशनवर आहे, पण कॉइल हा त्यातला एकच भाग. क्रम असा ठेवा:

१. इंजिन थंड असताना २ नंबरची कॉइल ३ ला आणि ३ ची २ ला लावा. कोड पुसा, तीच चढण तोच गिअर. कोड पी०३०३ झाला तर कॉइल (किंवा तिचा रबरी बूट) दोषी. पी०३०२ वरच राहिला तर मग २ आणि ४ चे प्लग आपसात बदलून पाहा. तरीही तिथेच राहिला तर वायरिंग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन.

२. प्लग काढल्यावर पांढऱ्या पोर्सेलिनवर पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी उभी रेघ दिसते का बघा. ठिणगी आत पडण्याऐवजी बाहेरून अंगावरून उतरते त्याची ती वाट. अशी रेघ असेल तर बुटाच्या आतल्या बाजूलाही तिची जोडीदार असते. एकच बदलला तर नव्याला जुना पुन्हा बिघडवतो, दोन्ही एकदम बदला.

३. गॅप फीलर गेजने मोजा. ०.८ च्या जागी १.० किंवा १.१ मिमी निघाला तर निम्मं उत्तर तिथेच आहे.

इंजिन चालू असताना कॉइलचा कपलर उपटून "कुठला सिलिंडर मेला" बघायची जुनी सवय इथे नको. जळलं नाही ते पेट्रोल थेट कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा डबा) जातं आणि तो आतून वितळतो. दिवा लुकलुकतो तेव्हा गाडी हेच सांगत असते, तेव्हा पाय हलका ठेवा. सिलिंडर बंद करून बघायचाच असेल तर इंजेक्टरचा कपलर काढा.

मल्टीमीटर

ठिणगींच्या यादीत एक भर. कॉइलचे ओहम मोजत बसू नका. या कॉइलच्या आत ट्रान्झिस्टर असतो, त्यामुळे प्रायमरीचं (आतल्या पहिल्या वेटोळ्याचं) रीडिंग काहीही येतं आणि त्यावरून लोक चांगल्या कॉइल फेकून देतात. मोजायचं ते कपलरवर.

चार पिनांपैकी १ ला स्विच्ड १२ व्होल्ट, २ आणि ४ ग्राउंड, ३ ला ईसीयूचा ट्रिगर. इग्निशन ऑन करून १ आणि २ मध्ये २१ वॅटचा बल्ब लावा आणि बल्ब पेटलेला असतानाच व्होल्टेज घ्या. नुसत्या मीटरवर एका तारेच्या केसाएवढा धागा उरला असला तरी १२ दाखवतो, लोड टाकला की खरं कळतं. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक पडला तर आधी तिथलं काम. मग बल्ब १ आणि ४ मध्ये लावून तेच. ३ नंबरला बल्ब लावायचा नाही, ईसीयूचा ड्रायव्हर जाईल.

या इंजिनावर हार्नेस (वायरींचा जुडगा) टॅपेट कव्हरच्या वर पडून वर्षानुवर्षं भाजतो. इन्सुलेशन बिस्किटासारखं तुटतं. टेप गुंडाळू नका, कपलरची पिगटेल (वायरीच्या तुकड्यासकट नवा कपलर) बदला आणि जोड क्रिंप करून हीटश्रिंक लावा.

रेडटॉप_फॅन

एवढं कशाला राव, लाल कॉइल टाका, पिकअप पण वाढेल आणि मिसफायर पण जाईल.

ठिणगी

@रेडटॉप_फॅन, पिकअप वाढत नाही. मिश्रण पेटलं की पेटलं, दुप्पट जोरात पेटत नाही. कॉइलवर लिहिलेलं जास्तीचं व्होल्टेज प्लगपर्यंत पोहोचतसुद्धा नाही, कारण गॅपमध्ये ठिणगी पडली की व्होल्टेज तिथेच कोसळतं. मोठ्या कॉइलचा उपयोग एवढाच की मागणी वाढली तरी हातात शिल्लक राहते. मिसफायर होत होता म्हणून जी ताकद कमी होती ती परत मिळते, आणि लोकांना वाटतं गाडी वाढली.

तेलकट_हात

बसवण्याचं मी लिहितो.

आधी तुमच्या इंजिनाची जात पाहून घ्या. सुरुवातीच्या १.८ टी मध्ये (उदा. एईबी) कॉइलला तीन पिना असतात आणि ट्रान्झिस्टर वेगळ्या मॉड्यूलमध्ये, एअर फिल्टरच्या डब्यावर. त्यांना चार पिनांची कॉइल लावायची तर ते मॉड्यूल काढून वायरिंग बदलावं लागतं. एयूएमला चार पिना आहेत, त्यामुळे कपलर तोच आणि डायरेक्ट लागतो. स्टॉक ईसीयूचा ड्वेलही (कॉइल चार्ज करायचा वेळ) चालतो, प्रोग्रॅमिंग नको.

अडचण उंचीची आहे. नवीन कॉइलचं डोकं आणि तिचा सील वेगळ्या मापाचा. नुसती दाबून ठेवली तर थरथरीने हळूहळू वर सरकते. दोन-तीन मिलीमीटर उचलली गेली की आतली स्प्रिंग प्लगला नीट टेकत नाही, मध्येच ठिणगी पडत राहते, आणि महिनाभरात नवीन कॉइलवर पुन्हा तोच कोड. म्हणून टॅपेट कव्हरला स्क्रूने बसणाऱ्या ॲल्युमिनियमच्या ॲडॉप्टर प्लेट घ्या. नुसते रबरी रिंग सरकवून काम भागवणारे असतात, मला ते पटत नाही.

काम थंड इंजिनावर:

कपलरचा लॉक मागे ओढा. जुनं प्लॅस्टिक असतं, स्क्रूड्रायव्हरने उचकटलं की तुटणार हे धरून चाला. कॉइल किंचित फिरवून सरळ वर ओढा, वाकडी केली तर दांडा आत तुटून राहतो. प्लग सोडण्याआधी विहिरीत (प्लग बसतो त्या खोल खड्ड्यात) कॉम्प्रेस्ड हवा मारा, नाहीतर सगळी वाळू सिलिंडरमध्ये. प्लगला १६ मिमीचा सॉकेट आणि लांब एक्स्टेन्शन.

विहिरीत तेल दिसलं तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग आणि मधल्या प्लगच्या रिंगा दोन्ही बदला. तेलाने बूट फुगतो, मऊ पडतो आणि गळतीला वाट मिळते. तेलात नवी कॉइल घालणं म्हणजे पैसे बुडवणं.

नवा प्लग हाताने, एक्स्टेन्शन बोटांत धरून फिरवत घाला. दोन फेऱ्यांत अडला तर थ्रेड वाकडा गेलाय, परत काढा. शेवटी टॉर्क पान्ह्याने ३० न्यूटन-मीटर. थ्रेडला ग्रीस किंवा अँटी-सीझ लावू नका. प्लगवर आधीच कोटिंग असतं, आणि वंगण लावलं की त्याच टॉर्कला प्लग जास्त ताणला जातो. बुटाच्या तोंडाला आतून सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक ग्रीस पातळ बोट फिरवा. धातूच्या टोकाला नको.

फीलर_गेज

गॅपबद्दल. स्टॉक बूस्टवर ०.८ मिमी बरोबर आहे, ०.७ केला तरी काही बिघडत नाही. रीमॅप (ईसीयूचा प्रोग्रॅम बदलून बूस्ट वाढवणं) असेल तर ०.६५ ते ०.७, आणि प्लग एक पायरी थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा. एनजीकेच्या आकड्यांत ६ वरून ७, आकडा मोठा तो थंड. स्टॉक गाडीला ७ टाकू नका, शहरात हळू चालवून काजळी धरेल.

गॅप कमी करताना बाजूचं इलेक्ट्रोडच वाकवा. प्लॅटिनम आणि इरिडियममध्ये मधल्या टोकाला गेज टेकवून जोर दिला की टोक मोडतं.

एक स्वस्त चाचणी. कॉइल विकत घेण्याआधी चारही प्लगचा गॅप ०.६ करून तीच चढण चढा. झटके गेले किंवा खूप कमी झाले तर दोष इग्निशनचा, ठाम. काहीच फरक नाही पडला तर हवा आणि इंधनाकडे वळा. बूस्टची नळी फुटली असेल तर एमएएफने (आत येणारी हवा मोजणारा सेन्सर) मोजलेली हवा वाटेतच बाहेर जाते, ईसीयू मात्र सगळ्या हवेचं पेट्रोल ओततो, आणि मिश्रण इतकं रिच (पेट्रोल जास्त) होतं की तेही मिसफायरच वाटतं. तेव्हा एक्झॉस्टला काळा धूर दिसतो. ०.६ कायम ठेवू नका, आयडलला आणि पाय हलका असताना मिश्रण विरळ पडलं की ठिणगी लहान पडते.

चौथा_गिअर

सगळ्यांचे आभार. आज बसून पाहिलं. २ आणि ३ च्या कॉइल आपसात बदलल्यावर कोड पी०३०३ वर गेला. २ च्या विहिरीत तळाला तेल होतं. चारही प्लगचा गॅप १.० ते १.१. २ च्या प्लगवर काळी रेघ आहे. पिन १-२ मध्ये बल्ब लावून बॅटरीपेक्षा ०.२ व्होल्ट कमी, पण १-४ मध्ये ०.९ कमी.

आता फक्त २ नंबरची कॉइल बदलू की चारही?

मल्टीमीटर

१-४ चं ग्राउंड आधी. ती वायर सिलिंडर हेडवर बोल्टने टेकते. बोल्ट काढा, रिंग टर्मिनल आणि खालची जागा धातू चमकेपर्यंत घासा, परत कसा आणि पुन्हा मोजा. ०.२ च्या आसपास यायला हवं. न आल्यास वायर टर्मिनलजवळ आतून काळी पडलीय, तेवढा तुकडा कापून नवीन टर्मिनल क्रिंप करा. कॉइलचा प्रवाह तिथूनही परत जातो, त्यामुळे खराब ग्राउंडवर महागातली कॉइलही स्वस्तातल्यासारखी वागते.

तेलकट_हात

कॉइल चारही बदला. एकाच वयाच्या आणि एकाच उष्णतेत भाजलेल्या आहेत, बाकी तीन मागोमाग जातातच. स्टॉक गाडी स्टॉकच ठेवायची असेल तर मूळ मापाच्या नव्या कॉइल आणि ०.८ चे प्लग पुरेसे आहेत, ॲडॉप्टरची भानगडच नको. पुढे रीमॅप करायचा विचार असेल तर आत्ताच २.० टीएफएसआयच्या घ्या. लाल (आर८) आणि काळ्या (२.० टीएफएसआय) यांत तुमच्या बूस्टला फरक जाणवणार नाही. घेताना नकली मालापासून जपा: छापील अक्षरं पुसट, तारखेचा शिक्का नाही, चारही हातात धरल्यावर वजन वेगवेगळं, असं असेल तर परत करा.

क्रम: पॅकिंग, ग्राउंड, प्लग, मग कॉइल.

चौथा_गिअर

रीमॅप नाही करायचा, मूळ मापाच्याच घेतो. झाल्यावर स्कॅनरमध्ये नेमकं काय बघू? नुसता कोड न येणं पुरेसं आहे का?

फीलर_गेज

पुरेसं नाही, कोड यायला ठरावीक संख्येने मिसफायर साचावे लागतात. व्हीसीडीएस (या गाड्यांचं स्कॅनर सॉफ्टवेअर) असेल तर मेजरिंग ब्लॉक ०१५ आणि ०१६ मध्ये सिलिंडरवार मोजणी दिसते. इंजिन पूर्ण गरम, चौथा गिअर, २५०० वरून पूर्ण थ्रॉटल, शेजारी बसलेल्याने लॉग घ्यायचा. चारही शून्य पाहिजेत. २ वर अजून एक-दोन येत राहिले तर त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. आणि ब्लॉक ०२० पण लॉग करा: चारही सिलिंडरचं टायमिंग किती मागे ओढलं जातंय ते तिथे कळतं. एकाच सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपेक्षा खूप मोठा असेल तर त्या प्लगचा टॉर्क पुन्हा तपासा, सैल प्लग गरम राहतो आणि नॉक करतो, म्हणजे मिश्रण वेळेआधी आपोआप पेटतं.

चौथा_गिअर

ठीक. पॅकिंगचा सेट आला की उघडतो, लॉग इथेच टाकेन.