आभारपत्रात 'खारीचा वाटा' लिहावं का?

इंदिरानगर:
नमस्कार मंडळी. आमच्या ग्रुपने पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर पाण्याची टाकी बांधायला नाशिकच्या कालिदास कलामंदिरात गाण्यांचा कार्यक्रम ठेवला होता, तिकिटं आणि देणग्या मिळून चांगली रक्कम जमली. तिकडे पावसाळ्यात धो धो कोसळतो आणि उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन झऱ्यापाशी ताटकळत बसतात, हे ऐकून लोकांनी अगदी मनापासून दिलं. आता सगळ्यांना आभाराची पत्रं पाठवायचीत, मसुदा माझ्याकडे आलाय. त्यात एक वाक्य असं आहे, "आपण उचललेल्या खारीच्या वाट्याबद्दल संस्था आपले आभारी असून आपल्या दानाबद्दल कृतज्ञ आहे." वाचताना खटकतंय पण नेमकं कुठे ते सांगता येत नाहीये. जाणकारांनी सांगा प्लीज.

पंचवटी:
खटकणारच. खारीचा वाटा हा देणाऱ्याने स्वतःबद्दल म्हणायचा शब्द आहे. सेतू बांधताना खार अंगाला लागलेली वाळू नेऊन झटकत होती ती गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे, म्हणून देणारा म्हणतो "आमचा आपला खारीचा वाटा", तो त्याचा विनय झाला. तोच शब्द घेणाऱ्याने लिहिला की अर्थ फिरतो, तुम्ही दिलंत ते एवढंसंच होतं असं ऐकू येतं, आणि ज्याने महिन्याच्या पेन्शनमधून काढून दिलेत त्याला तर ते फारच लागेल. 'फूल ना फुलाची पाकळी', 'यथाशक्ती', 'अल्पशी भेट' यांचंही तेच, दुसऱ्याचा विनय आपण परस्पर वापरायचा नसतो. घेणाऱ्याच्या तोंडी शोभतात ते 'मोलाची मदत', 'सढळ हाताने', 'आपुलकीने'. 'भरघोस' जपून, पाचशे देणाऱ्याला भरघोस म्हटलं तर तोच अवघडतो. 'मोलाची' सगळ्यांना चालतं.

आणि 'दान' काढाच. गंगेवर, म्हणजे आपल्या गोदाकाठी, रोज दानधर्म चालतो, तिथे तो शब्द त्याच्या जागी आहे, देणाऱ्याला पुण्य हवं असतं. रक्तदान, श्रमदान हेही छान रुळलेत. पण पैशाच्या पत्रात "आपलं दान" म्हटलं की पाड्यावरची माणसं याचक होऊन बसतात. देणगी लिहा. वर्गणी पण नको, ती सगळ्यांत वाटून घेतलेली असते, गणपतीची किंवा वाचनालयाची.

सिडको:
काकू, अगदी पटलं. व्याकरणाचं मी सांगतो. "संस्था आपले आभारी" चुकीचं आहे, इथे 'आपला-आपली-आपले' हे आभार मानणाऱ्याप्रमाणे बदलतं, ज्याचे मानायचे त्याच्याप्रमाणे नाही. म्हणजे संस्था आपली आभारी आहे, मंडळ आपलं आभारी आहे, आम्ही आपले आभारी आहोत, आणि सही ताईंची असेल तर "मी आपली आभारी आहे", मग पत्र कुणालाही जावो. ऋणीचंही तसंच. दुसरं म्हणजे आभार मानायचे आणि धन्यवाद द्यायचे, 'धन्यवाद मानतो' असं हल्ली सर्रास लिहितात ते नको. मनःपूर्वक मधला विसर्ग खाऊ नका.

इंदिरानगर:
खूप मदत झाली. मग 'ऋणी' वापरू का? आणि सुरुवातीला स.न.वि.वि. टाकलं तर त्यात 'विनंती' येते, परत पैसे मागतोय असं नाही ना वाटणार?

नाशिक रोड:
नाही वाटणार, सप्रेम नमस्कार विनंती विशेष ही पत्राची रीतच आहे, तिथे विनंती म्हणजे मागणी असं कुणी वाचत नाही. खरी मागणी मात्र या पत्रात अजिबात नको, "पुढेही असाच लोभ असावा" इतपत ठीक.

ऋणी जड शब्द आहे, ज्यांनी अडल्यावेळी पूर्ण खर्च उचलला किंवा फुकट साउंड सिस्टीम दिली त्यांच्यासाठी ठेवा, दोनशे पत्रांत तोच छापला तर कुणालाच तो आपला वाटत नाही. बाकीच्यांना कृतज्ञ पुरे, कृतज्ञ म्हणजे केलेलं जाणणारा, म्हणून त्याच्यापुढे काय केलं ते यायला हवं. "तुमच्या देणगीतून टाकीचं काम सुरू झालं, पाया भरून झालाय" हे एक वाक्य दहा विशेषणांपेक्षा भारी. टाइप करताना 'कृतज्ञ'चं 'कृतघ्न' होऊ देऊ नका, एका अक्षराने सगळं उलटं होतं, छापायच्या आधी दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्या. 80जीची, म्हणजे देणगीवर करसवलत मिळते ती पावती असेल तर ती वेगळ्या कागदावर जोडा. 2000 रुपयांच्या वर रोख दिलेल्यांना त्यात वजावट मिळत नाही, ते पावती देतानाच सांगा, आभाराच्या पत्रात कर आणू नका.

पंचवटी:
एक राहिलं. आईवडिलांच्या नावाने देणारे बरेच असतात. त्यांना सगळ्यांसारखं पत्र नको, "आपल्या मातोश्रींच्या स्मरणार्थ दिलेली देणगी मिळाली" असं पहिल्याच ओळीत यावं. स्मृतिप्रीत्यर्थ पण चालतं, त्यात 'ति' ऱ्हस्व. आणि नाव त्यांनी जसं लिहून दिलंय तसंच, माहेरच्या नावासकट असेल तर तसं, आपण त्यात काही दुरुस्त करायचं नाही.