प्रति: फिजिबिलिटीचा खर्च वाचवावा का?

वर एकांनी लिहिलंय की फिजिबिलिटी रिपोर्ट (प्रकल्प जमेल का, परवडेल का याचा आधी केलेला अहवाल) म्हणजे फुकटचा खर्च, आधी आर्किटेक्टकडून प्लॅन काढून घ्या, बाकीचं मागाहून बघता येतं. मुंबईतल्या सोसायटीच्या पुनर्विकासापुरतं तरी हे मला अजिबात पटत नाही.

प्लॅन काढायचा कशावर? प्रॉपर्टी कार्डावरचं (जमिनीच्या सरकारी नोंदीतलं) क्षेत्रफळ आणि प्रत्यक्ष मोजणीचं क्षेत्रफळ पुष्कळदा जुळत नाही. डीपी रिमार्क (विकास आराखड्यात प्लॉटवर काय दाखवलंय याचा पालिकेचा दाखला) काढला की कळतं, समोरच्या रस्त्याच्या रुंदीकरणात प्लॉटची पट्टी जाणार आहे. शिवाय टीडीआर (दुसऱ्या जागेच्या बदल्यात मिळालेले, विकत घेऊन आपल्या प्लॉटवर वापरायचे बांधकामाचे हक्क) किती चढवता येईल हे रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. उपनगरात ९ मीटरपेक्षा अरुंद गल्ली असेल तर तिथेच गाडी अडते. पार्ले-कुर्ल्याकडे विमानतळाची उंचीमर्यादा आहे, म्हणजे एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात मिळणारं बांधकाम) कागदावर असूनही मजले चढत नाहीत. खाडीलगत असाल तर सीआरझेड (किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे निर्बंध) बघा, आणि मातीची चाचणी आधीच करा. भरावाखाली चिखल निघाला तर पाइलिंगचा (खोलवर खांब घालून पाया करण्याचा) खर्च सगळा हिशेब फिरवतो.

यातलं काहीच न बघता मीटिंगमध्ये रंगीत थ्रीडी चित्रं फिरवली की सभासद वाढीव कार्पेटचे (घरातल्या वापरायच्या जागेचे) आकडे धरून बसतात. नंतर ते कमी करायला गेलात तर कमिटीची खैर नाही!

आणि सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालच्या, पुनर्विकासाबद्दलच्या ४ जुलै २०१९ च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांमध्येही हा अहवाल निविदेच्या आधीच येतो. फक्त तो इच्छुक बिल्डरच्या माणसाकडून करून घेऊ नका, सोसायटीने स्वतः पैसे मोजून करावा.